छापील तक्त्यापासून संवादी अहवालापर्यंत : कोकणातील विंचूदंश-संशोधनाच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वैद्यकीय संशोधनाचा इतिहास लिहिताना औषधांचा, रोगजंतूंचा आणि संशोधकांचा इतिहास लिहिला जातो. ज्या कागदावर त्या संशोधनाचे निष्कर्ष आकड्यांच्या रूपाने मांडले गेले, त्या कागदाचा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. तक्ता कोणी आखला, त्यात कोणत्या रुग्णांना जागा मिळाली, कोण बाहेर राहिले आणि तो तक्ता वाचणाऱ्याला त्यातील आकड्यांना उलट प्रश्न विचारता आला काय, या गोष्टी दुय्यम समजल्या जातात. गेल्या दशकभरात चिकित्सा-संशोधनाचे संख्याशास्त्रीय अहवाल संगणकाच्या पडद्यावर, वाचकाच्या इच्छेनुसार बदलणाऱ्या स्वरूपात तयार होऊ लागले आहेत. अशा अहवालांना येथे 'संवादी अहवाल' असे म्हटले आहे. हे तंत्र अमेरिका व युरोपातील मोठ्या औषध कंपन्यांच्या गरजेतून वाढले. त्याचे मोल आणि त्यातील धोके पारखण्यासाठी मात्र रत्नागिरी-रायगडच्या पट्ट्यात गेली सहा दशके चाललेल्या विंचूदंशाच्या संशोधनाइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. या संशोधनात आकडे थोडे होते, साधने त्याहून थोडी होती, आणि प्रश्न मुलांच्या जगण्यामरण्याचा होता.

केसपेपर आणि टक्केवारी

कोकणातील तांबडा विंचू आकाराने लहान. जांभ्याच्या भेगा, गवताच्या गंजी, लाकडाचे ढीग, कौले यांतून तो राहतो. काळ्या, मोठ्या इंगळीची धास्ती लोकांना अधिक वाटते, परंतु जीवघेणा ठरतो तो हा लहान तांबडा विंचू. त्याच्या विषाने शरीरातील स्वायत्त मज्जासंस्था एकाएकी उद्दीपित होते. प्रथम भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो आणि पुढे काही रुग्णांच्या फुप्फुसांत पाणी होते. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसांत होणाऱ्या या पाण्याची नोंद प्रसिद्ध केली. विंचवाने माणूस दगावतो हे कोकणात घरोघर ठाऊक होते. तो नेमका कशाने दगावतो, हे त्या नोंदीमुळे वैद्यकीय वाङ्मयात आले.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातील देहेडचे, नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले. त्यांनी रुग्णांशेजारी बसून लक्षणांचा क्रम नोंदविण्यास आरंभ केला. तांबड्या विंचवाच्या दंशानंतर हृदयावरील परिणामाची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांविषयीचा त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये १९८२ साली छापला गेला. प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाच्या उपयोगाविषयीचा, डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला लेख त्याच नियतकालिकात १९८६ साली आला. प्राझोसिन हे तोंडाने द्यावयाचे, स्वस्त आणि तालुक्याच्या गावी मिळू शकणारे औषध. त्यामुळे ते आरोग्य केंद्राच्या आवाक्यात होते.

या संशोधनातून जी दोन टक्केवारी पुढे वारंवार उद्धृत झाली ती अशी : १९६१ ते १९८३ या काळात फुप्फुसांत पाणी होऊन पश्चिम भारतात शेकडा २५ ते ३० रुग्ण दगावत, आणि १९८४ नंतर, म्हणजे प्राझोसिनचा वापर सुरू झाल्यावर, हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले. सारे संशोधन एका वाक्यात सांगावयाचे तर हेच दोन आकडे सांगावे लागतात, आणि त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु संख्याशास्त्राचा अभ्यासक अशा आकड्यांपुढे आल्यावर अंशाकडे नंतर पाहतो. तो आधी छेदाकडे पाहतो.

पहिल्या टक्केवारीचा छेद कोणता? रस्ते कमी, वाहने कमी, अशा काळात जो रुग्ण डोलीतून अथवा खाटेवरून रुग्णालयापर्यंत आणला जाई, तो बहुधा अगोदरच गंभीर झालेला असे. किरकोळ दंशाचा रुग्ण घरीच राही, मांत्रिकाकडे जाई, अथवा रात्रभर विव्हळून सकाळी कामाला लागे. उपचाराने गुण येतो असे पंचक्रोशीत कळल्यावर रुग्ण लवकर येऊ लागतात, सौम्य दंशाचेही येऊ लागतात, आणि मृत्यूंचा अंश तेवढाच राहिला तरी छेद फुगल्यामुळे टक्केवारी उतरते. याचा अर्थ प्राझोसिनचा उपयोग झाला नाही असा मुळीच नव्हे. तीस टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली झालेली घसरण केवळ छेदाच्या फुगण्याने समजावून सांगता येणार नाही, आणि औषधाची क्रिया विषाच्या क्रियेच्या नेमकी विरुद्ध असल्याचे शरीरक्रियाशास्त्रही सांगते. तथापि घसरणीचा किती वाटा औषधाचा, किती लवकर येण्याचा आणि किती सौम्य रुग्णांच्या भरतीचा, हे त्या दोन आकड्यांवरून ठरविता येत नाही. त्यासाठी दंशापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा काळ, रुग्णाचे वय आणि दाखल होतानाची अवस्था यांनुसार तोच तक्ता पुन्हा फोडून पाहावा लागतो. छापील तक्ता लेखकाने जसा फोडला तसाच वाचकाला मिळतो.

छेदाचा आणखी एक पेच कोकणाच्या भूगोलात आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. म्हणजे 'रत्नागिरी जिल्ह्यातील विंचूदंशाचे मृत्यू' अशी कोणी सलग मालिका मांडली, तर १९८१ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे दोन वेगळ्या लोकसंख्यांचे होतात. हे विभाजन प्राझोसिनच्या आगमनाच्या अगदी उंबरठ्यावर झाले. जिल्हानिहाय तक्त्यावरून औषधाचा परिणाम मोजू पाहणारा अभ्यासक सावध नसेल, तर सावंतवाडी-कणकवलीचे रुग्ण नकाशावरून गेले ते औषधाने बरे झाले असे समजून बसेल!

तुलनेचा प्रश्न

उपचार घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना कशी करावी, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. टोचलेले आणि न टोचलेले कैदी एकाच इमारतीत, एकाच अन्नावर राहत असल्याने ही तुलना त्या काळच्या मानाने चांगली होती. परंतु स्वेच्छेने पुढे येणारा आणि न येणारा हे दोघे सारखेच असतात काय? पुढे १९०४ साली विषमज्वराच्या लशीचे लष्करी आकडे तपासताना कार्ल पिअर्सन यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये नेमकी हीच हरकत घेतली. तिचे उत्तर मिळावयास चार दशके लागली. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८ च्या ब्रिटिश चाचणीत १०७ रुग्णांची विभागणी यादृच्छिक आकड्यांनी झाली. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ आणि न मिळालेल्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले. ब्रॅडफर्ड हिल यांच्या देखरेखीखालील या चाचणीपासून चिकित्सा-संशोधनाच्या अहवालाला आजचे रूप येऊ लागले.

विंचूदंशात मात्र अशी चाचणी प्राझोसिनसाठी करणे अवघड होते. डोळ्यांदेखत मुले वाचत असताना निम्म्या मुलांना औषध न देणे कोणत्या डॉक्टरला जमेल? प्रश्न बदलला तो प्रतिविष उपलब्ध झाल्यावर. मुंबईच्या हाफकिन संस्थेने, म्हणजे प्लेगच्या त्याच लशीच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या संस्थेने, तांबड्या विंचवाच्या विषावर घोड्याच्या रक्तद्रवापासून प्रतिविष तयार केले. आता प्राझोसिन सर्वांना द्यावयाचेच, त्याच्या जोडीला प्रतिविष दिल्याने काही अधिक साधते काय, असे विचारणे शक्य झाले.

रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातील मार्गताम्हाने येथील डॉ. विवेक नातू व त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीर दंशाच्या रुग्णांवरील प्रतिविषाचा ग्रामीण रुग्णालयातील अनुभव २००६ साली भारतीय फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात मांडला. प्रतिविष आणि प्राझोसिन यांची तुलना करणारा त्यांचा लेख २०१० मध्ये 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'मध्ये आला. २०११ च्या आरंभी महाडची चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या श्रेणीच्या दंशाचे, म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेची लक्षणे दिसत असलेले परंतु हृदय व फुप्फुसे अद्याप बिघडलेली नसलेले ७० रुग्ण यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले गेले. प्रत्येक गटात ३५. उपचारानंतर दहा तासांनी लक्षणे पूर्णतः गेली काय, हा मुख्य निकष होता. प्राझोसिन व प्रतिविष अशा दोन्ही उपचारांच्या गटात ३२ रुग्णांची, तर केवळ प्राझोसिनच्या गटात ८ रुग्णांची लक्षणे तोवर गेली होती. बरे होण्यास लागलेला सरासरी काळ पहिल्या गटात ८ तास आणि दुसऱ्यात १७.७ तास होता. पुढे २०१४ मध्ये पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतून ५० मुलांवरील अशाच रचनेची चाचणी प्रसिद्ध झाली आणि तिचाही कौल दोन्ही उपचार एकत्र देण्याच्या बाजूने पडला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या चाचण्यांचा मुख्य निकष मृत्यू हा नाही. तो असूच शकत नव्हता. मृत्यूचे प्रमाण एक टक्का मानले आणि ते अर्ध्या टक्क्यावर आले आहे काय हे रूढ काटेकोरपणाने ठरवावयाचे म्हटले, तर प्रत्येक गटात सुमारे ४,७०० रुग्ण लागतील. कोणत्याही तालुक्याच्या रुग्णालयाला हे जन्मात शक्य नाही. प्राझोसिनच्या यशानेच प्रश्न 'वाचेल काय' येथून 'किती तासांत बरा होईल' येथे आणला. तासांचे महत्त्वही कमी नाही. रुग्णालयातील खाट किती वेळ अडते, मजुरी किती बुडते आणि रात्री रुग्णाशेजारी कोण थांबते, हे त्या तासांवर अवलंबून असते.

याच विषयावरील सर्वांत मोठी चाचणी ट्युनिशियात झाली होती. १९९९ च्या 'लॅन्सेट'मधील त्या चाचणीत ८२५ रुग्ण होते आणि सरसकट प्रतिविष देण्याने लाभ होत नाही असा तिचा निष्कर्ष होता. महाडचे सत्तर आणि ट्युनिशियाचे सव्वाआठशे यांत कोणाचे मानावे? केवळ संख्या पाहणारा वाचक ट्युनिशियाकडे झुकेल. परंतु तेथील विंचवांच्या जाती वेगळ्या, प्रतिविष वेगळे आणि दाखल केलेल्या रुग्णांत सौम्य-गंभीर सर्वांचा समावेश होता. महाडच्या चाचणीत श्रेणी आधी ठरली, मग रुग्ण निवडले गेले. दोन्ही अहवाल आपापल्या जागी खरे आहेत. त्यांचे छेद निराळे आहेत.

अहवालाची यंत्रणा

औषध कंपन्यांच्या जगात अहवालाचे रूप या काळात ठरीव होत गेले. चिकित्सा-चाचणीच्या अहवालाची रचना कशी असावी याचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन १९९५ साली झाले आणि तक्ते, याद्या व आलेख यांचे शेकडो पानांचे जोडखंड हा प्रघात झाला. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या सॅस कंपनीची संगणकप्रणाली या कामाची जणू अधिकृत भाषा बनली. ती महागडी होती. भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांत त्याऐवजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९८५ पासून विनामूल्य दिलेली 'एपी इन्फो' वापरली गेली, आणि ज्यांना तीही जमली नाही त्यांनी हिशेबाच्या वहीवर काम भागविले.

लहान चाचण्यांच्या दृष्टीने एक वेगळाच टप्पा महत्त्वाचा आहे व त्यात भारतीयांचा वाटा मोठा आहे. गटात मोजके रुग्ण असतील तेव्हा नेहमीची सन्निकट सूत्रे फसवितात आणि सर्व शक्यतांची नेमकी मोजदाद करावी लागते. तक्ता जरा मोठा झाला की ही मोजदाद संगणकालाही आवरत नसे. सायरस मेहता आणि नितीन पटेल यांनी १९८३ मध्ये तिच्यासाठी जलद रीत प्रसिद्ध केली, १९८७ मध्ये 'सायटेल' ही संस्था स्थापन केली, आणि पुढे तिचे काम पुण्यातही वाढले. पुण्या-मुंबईत आज जगभरच्या चाचण्यांचे तक्ते तयार करणारा जो मोठा तरुण वर्ग आहे, त्यात कोकणातून गेलेले संख्याशास्त्राचे पदवीधरही आहेत. त्यांच्या हातून परदेशातील हृदयरोगाचे, कर्करोगाचे तक्ते जातात. गावच्या विंचूदंशाच्या नोंदी मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. ही विसंगती बोलकी आहे.

दुसरा टप्पा मुक्त संगणकप्रणालीचा. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'आर' ही संख्याशास्त्रीय भाषा घडविली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. ती कोणालाही फुकट घेता येते, आणि तिच्यातील प्रत्येक रीत उघडून तपासता येते. २०१२ मध्ये जो चेंग यांनी याच भाषेवर 'शायनी' ही जोडप्रणाली तयार केली आणि संवादी अहवाल प्रत्यक्षात सोपे झाले.

तिची कार्यपद्धती थोडक्यात अशी. वाचक आपल्या ब्राउझरमध्ये पान उघडतो. त्यावर काही निवडी असतात, उदाहरणार्थ वयोगट, दंशाची श्रेणी, उपचार. निवड बदलली की ती पलीकडच्या संगणकाकडे, सर्व्हरकडे जाते. तेथे आर भाषेतील आज्ञावली मूळ आधारसामग्रीवर नव्याने गणित करते आणि नवा तक्ता वा आलेख पडद्यावर येतो. कोणती निवड बदलल्यावर कोणते गणित पुन्हा करावयाचे याचा हिशेब प्रणाली स्वतः ठेवते, आणि एका निवडीने न बदलणारे भाग जसेच्या तसे राहतात. येथे तक्ता साठवून ठेवलेला नसतो, तो तक्ता करण्याची रीत साठवलेली असते. छापील अहवालापासूनचा मूलभूत फरक हाच.

नियामक संस्थाही या दिशेने सरकल्या आहेत. आर-वापरकर्त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०२२ च्या अखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे शायनीवर आधारित अहवाल प्रायोगिक म्हणून सादर केला. त्याची छाननी २०२३ मध्ये पूर्ण झाली. रोश या औषध कंपनीने आपल्या चाचण्यांसाठी केलेला 'टील' हा संवादी आराखडा सर्वांना खुला केला आहे. भारतात चाचण्यांची नोंदवही २० जुलै २००७ रोजी सुरू झाली व १५ जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. तीमुळे कोणती चाचणी कोणत्या निकषासाठी होणार आहे हे आधी जाहीर होऊ लागले. संवादी अहवालाच्या संदर्भात या आधी जाहीर करण्याला किती महत्त्व आहे, ते पुढील चर्चेत दिसेल.

कोकणासाठी असा अहवाल

समजा, कोकणातील विंचूदंशाच्या सर्व चाचण्यांची व रुग्णालयीन नोंदींची आधारसामग्री एकत्र करून असा संवादी अहवाल केला. त्यात काय पाहता येईल? दहा तासांचा निकष सहा किंवा बारा तासांवर सरकवून दोन गटांतील अंतर कसे बदलते, हे पाहता येईल. दंशानंतर दोन तासांच्या आत आलेले आणि सहा तासांनंतर आलेले रुग्ण वेगळे काढता येतील. मार्गताम्हान्याचे गंभीर रुग्ण आणि महाडचे दुसऱ्या श्रेणीचे रुग्ण एकाच पट्टीवर आणून, मतभेद उपचाराचा आहे की छेदाचा, हे तपासता येईल. १९६१ ते १९८३ आणि १९८४ नंतरच्या टक्केवारीतील वाटे निदान अंशतः वेगळे करता येतील. प्रतिविषाचा साठा कोणत्या आरोग्य केंद्रात ठेवावा हा जिल्हा प्रशासनापुढील प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सरासरीत मिळत नाही. मंडणगड किंवा राजापूरच्या आतल्या गावातून रुग्ण किती वेळाने येतो, यात ते मिळते.

परंतु हीच सोय धोक्याची आहे. निकष सरकविता येतो म्हटल्यावर जो निकष आपल्या मताला पोषक तोच निवडण्याचा मोह होतो. दहा तास हा महाडचा मुख्य निकष होता, आणि निकाल पाहून नंतर सात तासांचा निकष निवडणारा वाचक प्रयोग करीत नसतो, तो आकड्यांची आळवणी करीत असतो. या संदर्भात १९८८ ची हृदयविकारावरील आयसिस-२ चाचणी प्रसिद्ध आहे. १७,१८७ रुग्णांवरील या चाचणीत ॲस्पिरिनचा स्पष्ट लाभ दिसला. उपगट पाडण्याचा आग्रह झाला तेव्हा संशोधकांनी रुग्णांची राशीनुसार विभागणी करून दाखविली, आणि मिथुन व तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा लाभ होत नाही असा 'निष्कर्ष' निघाला! सतरा हजारांत हे घडते, तर सत्तरांत काय घडेल? महाडच्या ७० रुग्णांना उपचाराचे दोन, वयाचे तीन आणि आगमनकाळाचे तीन अशा भागांत विभागले तर अठरा खण होतात आणि प्रत्येकात सरासरी चारही रुग्ण उरत नाहीत. पडद्यावर मात्र चार रुग्णांचा आलेखही चारशे रुग्णांच्या आलेखाइतकाच देखणा दिसतो. म्हणून चांगल्या संवादी अहवालात आधी जाहीर केलेला निकष कायम वेगळ्या रंगात दाखविला पाहिजे, आणि खणातील रुग्णसंख्या ठरावीक मर्यादेखाली गेली की टक्केवारी देण्याचे प्रणालीनेच नाकारले पाहिजे.

त्या नकाराला दुसरेही कारण आहे. लहान गावातील सहा वर्षांची मुलगी, अमुक महिन्यात दाखल, चौथ्या दिवशी मृत्यू, एवढे कळले की नाव लिहिण्याची गरज उरत नाही. वाडीतल्या प्रत्येकाला ती कोण हे ठाऊक असते. छापील तक्त्यात ही माहिती एकत्रित आकड्यांत विरघळून जाई. संवादी अहवालात चाळण्या एकावर एक लावीत गेल्यास ती पुन्हा घट्ट होते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर हा केवळ शिष्टाचाराचा विषय राहिलेला नाही.

आज्ञावली उघडी असण्याचे महत्त्व अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या प्रकरणाने दाखविले. कर्करोगावरील तेथील संशोधनाचे आकडे बॅगरली आणि कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी मूळ आधारसामग्रीवरून पुन्हा काढून पाहिले, तेव्हा काही याद्या एका ओळीने सरकल्याचे आढळले. २००९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले, आणि त्या संशोधनावर आधारलेल्या चाचण्या पुढे बंद कराव्या लागल्या. एका ओळीची चूक छापील तक्त्यात कोणाला दिसली नसती.

टिकाऊपणाच्या बाबतीत मात्र जुना कागद सरस ठरतो. १९८२ चा 'लॅन्सेट'मधील लेख आजही ग्रंथालयात उघडून वाचता येतो. कोविडच्या काळात देशभरातील स्वयंसेवकांनी चालविलेले जिल्हानिहाय आकड्यांचे संवादी संकेतस्थळ लाखो लोक रोज पाहत, रत्नागिरीचा आकडा त्यात रोज शोधला जाई. ते ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी अद्ययावत होणे थांबले. सर्व्हरचे भाडे आणि देखभाल करणारा माणूस या दोहोंवर संवादी अहवालाचे आयुष्य अवलंबून असते. अलीकडे अहवालाचे सर्व गणित वाचकाच्या ब्राउझरमध्येच करण्याची सोय निघाली आहे. तीत सर्व्हर लागत नाही, आणि फाईल जपून ठेवली की अहवाल जपला जातो. महाविद्यालयीन संख्याशास्त्र विभागांना परवडेल असा मार्ग बहुधा हाच आहे. मात्र रुग्णांची मूळ माहितीही अशा फाईलसोबत वाचकाच्या हाती जाते, त्यामुळे ती आधी पुरेशी पुसट करून घ्यावी लागते.

या साऱ्याच्या मुळाशी केसपेपर आहे. श्रेणी, वय, उपचार हे रकाने रुग्णालयात बरेच नीट भरले जातात. ज्या रकान्यावर विंचूदंशाचा सारा हिशेब अवलंबून आहे, तो दंशाच्या वेळेचा रकाना सर्वांत कच्चा असतो. घड्याळ पाहून कोणाला विंचू चावत नाही. रुग्ण 'दिवेलागणीला', 'पहिल्या एस्टीच्या आधी', 'भारे बांधताना' असे सांगतो आणि कारकून त्याचे 'सायं. ७.००' करून टाकतो. संगणक ती वेळ नेमकी समजून पुढचे गणित करतो, आणि दोन तासांच्या आतला रुग्ण तीन तासांच्या खणात जाऊन बसतो. यावर संख्याशास्त्रात उपाय आहे. एक वेळ लिहिण्याऐवजी 'या वेळेनंतर आणि या वेळेपूर्वी' अशा दोन वेळा लिहावयाच्या आणि गणित त्या मर्यादांवर करावयाचे. त्यासाठी केसपेपरवर एका रकान्याच्या जागी दोन रकाने आखावे लागतात.